वाफे, वाण आणि गुप्त किल्ल्या

केरळमधील मुन्नारजवळ अँथोनियार कॉलनी नावाची एक वस्ती आहे. तिच्या वरच्या अंगाला तीव्र उताराचा डोंगर आहे. पावसाळ्यात डोंगराच्या पोटात पाणी मुरते, मातीच्या कणांमधील दाब वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर उतार जागा सोडतो. अमृता विश्व विद्यापीठाच्या संशोधकांनी मनीषा रमेश यांच्या नेतृत्वाखाली २००८ च्या सुमारास या उतारावर बिनतारी सेन्सरांचे जाळे उभारले. जमिनीत पुरलेली उपकरणे पाण्याचा दाब, मातीची हालचाल आणि कंपने मोजतात. ही मोजमापे रेडिओलहरींवरून एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे सरकत उपग्रहमार्गे विद्यापीठापर्यंत जातात. जुलै २००९ च्या अतिवृष्टीत या नोंदींच्या आधारे वस्तीला इशारा देण्यात आला होता.

अशा जाळ्याची उपयुक्तता एका साध्या गृहीतकावर उभी असते : आलेला संदेश खरोखर त्याच सेन्सरने पाठवला आहे. रेडिओलहरी कुणाच्या मालकीच्या नसतात. त्याच वारंवारतेवर दुसरे कुणीही बोलू शकते. धोका नसताना कुणी खोटा इशारा घुसवला, तर लोक एकदा घरे सोडतील. दुसऱ्यांदा कदाचित सोडणार नाहीत. याउलट, धोका वाढत असताना कुणी ‘सारे काही ठीक’ असे आकडे पाठवत राहिले, तर परिणाम सांगायची गरज नाही. प्रश्न एका डोंगरापुरता नाही. पूल, धरणे, खाणी, जंगले, सीमा, शेते, जिथे जिथे माणसाऐवजी यंत्र पहारा देते तिथे तिथे तो उभा राहतो.

कूटशास्त्राचे उत्तर ठाऊक आहे. संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या सेन्सरकडे एक सामाईक गुप्त किल्ली असावी. तिच्या साहाय्याने संदेशावर अशी खूण उमटवावी, की किल्ली नसलेल्याला ती बनवता येऊ नये. अडचण एवढीच, की या किल्ल्या सेन्सरांच्या हाती कशा द्यायच्या, आणि तेही दोन पेन्सिल सेलांच्या शिधोरीत. या अडचणीचा इतिहास विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील प्रयोगशाळांत सुरू होतो असे वरवर दिसते. त्याच्या मुळांपैकी एक मात्र १९३० च्या दशकातील कलकत्त्यात, शेतीच्या प्रयोगांच्या गणितात आहे.

दोन सेलांचा संसार

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत क्रिस पिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मार्ट डस्ट’ ही कल्पना मांडली : धुळीच्या कणाइतके लहान, स्वस्त, संख्येने विपुल असे सेन्सर. धुळीचा आकार प्रत्यक्षात आला नाही. पण काडेपेटीएवढी ‘मोट’ नावाची उपकरणे आली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. त्यांपैकी ‘मायकाझेड’ या मोटची कुंडली पाहण्यासारखी आहे. आठ बिटांचा प्रक्रियक, कार्यकारी स्मृती फक्त ४ किलोबाइट, कार्यक्रम साठवण्यासाठी १२८ किलोबाइट आणि ऊर्जेसाठी दोन पेन्सिल सेल.

या उपकरणातील रेडिओ संदेश पाठवताना सुमारे १७.४ मिलिअँपियर आणि ऐकताना १८.८ मिलिअँपियर विद्युतप्रवाह घेतो. म्हणजे बोलण्यापेक्षा नुसते कान देऊन बसणे किंचित महाग. २,५०० मिलिअँपियर-तास क्षमतेच्या सेलांवर हा रेडिओ अखंड चालू ठेवला, तर तो जेमतेम साडेपाच दिवस चालेल. सेन्सरला महिनोन्‌महिने काम करायचे असेल तर त्याने जवळजवळ सारा वेळ झोपून काढला पाहिजे, आणि जागेपणीचा प्रत्येक बाइट मोजून खर्चला पाहिजे. येथे प्रक्रियकाने केलेली बेरीज-वजाबाकी स्वस्त असते, हवेत सोडलेला शब्द महाग असतो. पुढची सगळी कथा या एका असमानतेभोवती फिरते.

इंटरनेटवर दोन अनोळखी संगणक सार्वजनिक किल्लीच्या गणिताने आपसांत गुपित ठरवतात. हे गणित मोटला झेपेल का? २००४ मध्ये निल्स गुरा आणि सहकाऱ्यांनी अशाच आठ बिटांच्या प्रक्रियकावर मोजून पाहिले. १०२४ बिटांच्या आरएसए पद्धतीतील खासगी किल्लीच्या एका क्रियेला सुमारे ११ सेकंद लागले. प्रत्येक शेजाऱ्याशी ओळख करून घ्यायला इतका वेळ आणि तेवढी ऊर्जा घालवणे म्हणजे लग्नाच्या बोलणीतच हुंड्याइतका खर्च करण्यासारखे होते. म्हणून पहिल्या पिढीतील संशोधकांनी ठरवले : किल्ल्या आधीच भरून द्यायच्या. सेन्सर डोंगरावर नेण्यापूर्वी, कार्यशाळेतच.

पण किती आणि कोणत्या? सर्वांना एकच किल्ली दिली तर स्मृती वाचते. मात्र उघड्यावर पडलेला एक सेन्सर कुणी उचलून नेला आणि आतली किल्ली काढली, की सारे जाळे उघडे पडते. प्रत्येक जोडीला स्वतंत्र किल्ली दिली तर एक सेन्सर गमावल्याने इतरांचे काही बिघडत नाही. मात्र हजार सेन्सरांच्या जाळ्यात प्रत्येकाला ९९९ किल्ल्या वागवाव्या लागतात. १२८ बिटांची एक किल्ली १६ बाइटांची असते, म्हणजे एकूण सुमारे १६ हजार बाइट, कार्यकारी स्मृतीच्या जवळपास चौपट. त्या कार्यक्रमांच्या साठ्यात कोंबल्या, तरी उद्या एक नवा सेन्सर वाढवायचा झाल्यास डोंगरावरच्या हजारांच्या याद्या बदलाव्या लागतात. एका टोकाला काटकसर आहे पण सुरक्षा नाही. दुसऱ्या टोकाला सुरक्षा आहे पण ती परवडत नाही.

योगायोगावर भिस्त

२००२ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील लॉरेंट एशेनॉवर आणि व्हर्जिल ग्लिगोर यांनी मधली वाट सुचवली. किल्ल्यांचा एक मोठा साठा तयार करावा आणि प्रत्येक सेन्सरला त्यातून मूठभर किल्ल्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा उचलून द्याव्यात. दोन शेजाऱ्यांच्या मुठीत एखादी किल्ली सामाईक निघाली, की त्यांचे काम झाले. एका वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते. येथेही तेच गणित काम करते. दहा हजार किल्ल्यांच्या साठ्यातून प्रत्येकाला १०० किल्ल्या दिल्या, तर कोणत्याही दोघांत निदान एक सामाईक असण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. साठ्याचा शंभरावा भाग हाती, आणि दर तीन शेजाऱ्यांतील जवळपास दोघांशी थेट संवाद.

उरलेल्या शेजाऱ्याशी बोलायचे तर तिसऱ्याला मध्यस्थ करावे लागते. तो मध्यस्थ किल्ली पोचवतो. त्यासाठी जास्तीचे संदेश लागतात आणि गुपित त्यालाही कळते. त्याहून मोठा खर्च आरंभीच होतो. कोणती किल्ली सामाईक आहे हे शोधण्यासाठी प्रत्येक सेन्सरने आपल्याकडील किल्ल्यांचे क्रमांक जाहीर करायचे असतात. शंभर क्रमांक, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे दोनशे बाइट. या सेन्सरांच्या रेडिओ मानकात एका संदेशाची कमाल लांबीच १२७ बाइट आहे. पुढे एका बीजसंख्येवरून यादी काढण्याच्या युक्त्या यादृच्छिक पद्धतींतही आल्या आणि हा खर्च घटला. तरीही मूळ प्रश्न राहिला : सामाईक किल्ली असेलच याची हमी का नसावी? नशिबावर सोडण्याऐवजी मांडणीच अशी करता येणार नाही का, की कोणतेही दोन सेन्सर घेतले तरी त्यांच्यात ठरावीक किल्ल्या सामाईक असतील?

हा प्रश्न जुना होता. फक्त तो किल्ल्यांविषयी विचारला गेला नव्हता.

कलकत्त्यातील वाफे

१९३० च्या दशकात संख्याशास्त्र ज्या प्रश्नांशी झुंजत होते, त्यांत शेतीचे प्रयोग अग्रभागी होते. गव्हाच्या अनेक वाणांतून सरस कोणते हे ठरवायचे तर ते शेजारी शेजारी पेरून पाहावे लागतात. परंतु जमीन सर्वत्र सारखी नसते. एका कोपऱ्यात ओल अधिक, दुसऱ्यात खडक वर आलेला. म्हणून सारख्या पोताच्या जमिनीचे लहान गट पाडतात आणि तुलना गटाच्या आत करतात. एका गटात सगळे वाण मावत नाहीत. मग प्रत्येक गटात थोडे वाण पेरायचे, पण अशा बेताने की कोणतेही दोन वाण समान वेळा एकाच गटात यावेत. म्हणजे कोणत्याच जोडीवर अन्याय होत नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील फ्रँक येट्स यांनी १९३६ मध्ये या ‘संतुलित अपूर्ण गटां’ची पद्धत मांडली. त्याच संस्थेत आधी काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीचे शास्त्रच उभे केले होते.

सात वाण आणि तीन-तीन वाफ्यांचे गट असतील तर मांडणी अशी होते :

१, २, ४
२, ३, ५
३, ४, ६
४, ५, ७
५, ६, १
६, ७, २
७, १, ३

यातील कोणतेही दोन आकडे घ्यावेत. ते नेमक्या एकाच ओळीत एकत्र आढळतील. सर्व २१ जोड्यांची तुलना सात ओळींत आटोपली.

सात वाणांसाठी हे कागदावर खटपट करून सापडते. सत्तर किंवा सातशेसाठी खटपट पुरत नाही, तेथे रचनेचे सूत्र हवे. ते शोधण्याचे मोठे काम कलकत्त्यात झाले. प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. भूमितीचे अभ्यासक असलेल्या आणि आशुतोष कॉलेजात शिकवणाऱ्या राजचंद्र बोस यांना त्यांनी संस्थेत ओढून आणले. त्याच सुमारास नाझी राजवटीने लायप्झिगमधून घालवलेले गणितज्ञ फ्रीडरिश लेव्ही कलकत्ता विद्यापीठात आले होते. सांत क्षेत्रांचे, म्हणजे मोजक्या संख्यांतच बेरीज-गुणाकार पुरे होणाऱ्या अंकव्यवस्थांचे बीजगणित बोस त्यांच्याकडून शिकले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर स्वतः कलकत्त्याला आले आणि प्रयोगरचनेचे अनुत्तरित प्रश्न त्यांच्याबरोबर आले.

बोस यांच्याकडे आता तिन्ही गोष्टी होत्या : भूमिती, सांत क्षेत्रे आणि शेतकऱ्याचा प्रश्न. वाणांना बिंदू मानावे आणि गटांना रेषा. सांत क्षेत्रावर भूमिती रचली, की तीत मोजकेच बिंदू आणि मोजक्याच रेषा असतात, पण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हा नियम टिकून राहतो. वर दिलेली सात ओळींची मांडणी म्हणजे अशा भूमितीतील सर्वांत लहान प्रतल. १९३९ मध्ये बोस यांचा संतुलित गटांच्या रचनेवरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला आणि खटपटीच्या जागी पद्धत आली.

त्याच वर्षी बोस आणि के. आर. नायर यांनी ‘संख्या’ या संस्थेच्या नियतकालिकात आणखी एक पाऊल टाकले. पूर्ण संतुलनाची किंमत अनेकदा फार असते. वाफे पुरत नाहीत. म्हणून त्यांनी अट सैल केली. सर्व जोड्या समान वेळा भेटण्याची सक्ती सोडून जोड्यांचे वर्ग पाडले : काही जोड्या जवळच्या, काही दूरच्या, प्रत्येक वर्गात मात्र समानता. ‘अंशतः संतुलित’ रचना त्या याच. गरिबीत न्याय कसा करावा, याचे जणू ते गणित होते.

या परंपरेत एक मराठी नाव ठळक आहे. सागर येथे जन्मलेले, नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र श्रीखंडे हे बोस यांचे शिष्य. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे १७८२ सालचे अनुमान चुकीचे असल्याचे दाखवले. ही वार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. परस्परांना लंब असणारे हे चौरस आणि ‘छेदक रचना’ नावाच्या गटमांडण्या या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि या छेदक रचनांची गरज पुढे सेन्सरांच्या जाळ्यांना पडायची होती.

वाणाच्या जागी किल्ली

२००४ मध्ये अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील सेयित चामतेपे आणि ब्युलेंत येनर यांनी ही जुनी रचना नव्या प्रश्नाला लावली. गट म्हणजे सेन्सर, आणि गटातील वाण म्हणजे त्याच्याकडील किल्ल्या. वरच्या सात ओळींकडे या नजरेने पुन्हा पाहावे. सात सेन्सर, प्रत्येकाकडे तीन किल्ल्या. कोणत्याही दोन ओळींत नेमका एक आकडा सामाईक आहे. शेतकऱ्याला दोन बिंदूंतून जाणारी एकच रेषा हवी होती. येथे दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात हे उपयोगी पडते.

३१ या मूळसंख्येवर उभारलेल्या प्रतलात ९९३ रेषा आणि तेवढेच बिंदू असतात. प्रत्येक रेषेवर ३२ बिंदू. म्हणजे ९९३ सेन्सर, प्रत्येकाकडे ३२ किल्ल्या, आणि कोणत्याही दोघांत एक सामाईक किल्ली हमखास. साठवण ५१२ बाइट. ऊर्जेचा लाभ त्याहून मोलाचा. येथे किल्ल्यांची यादी हवेत सोडावी लागत नाही. सेन्सर फक्त आपला क्रमांक सांगतो. समोरचा त्या क्रमांकावरून रेषेचे समीकरण मांडतो आणि दोन रेषा कोठे छेदतात हे स्वतःच काढतो. दोनशे बाइटांच्या जागी दोन बाइट. महाग रेडिओचे काम स्वस्त गणितावर सोपवले गेले.

बदल्यात काय द्यावे लागते? प्रत्येक किल्ली ३२ सेन्सरांकडे असते. शत्रूने एक सेन्सर पळवला तर त्याच्या ३२ किल्ल्या उघड होतात आणि उरलेल्या सेन्सरांमधील सुमारे तीन टक्के दुवे धोक्यात येतात. हे सहन होईल. पण स्वैरपणे दहा सेन्सर पळवले, तर ९९३ पैकी सरासरी पावणेतीनशेच्या आसपास किल्ल्या त्याच्या हाती जातात. शिवाय या भूमितीला ठरावीक आकारच मानवतात. नेमके ७०० सेन्सर हवे असतील तर मोठी रचना घेऊन काही रेषा सोडून द्याव्या लागतात.

पुढच्याच वर्षी जूयंग ली आणि डग्लस स्टिन्सन यांनी छेदक रचनांचा वापर सुचवला. तेथे सर्व जोड्यांत सामाईक किल्लीची हमी नसते, पण आकार निवडण्याची मोकळीक अधिक मिळते. आणि त्याच वर्षी प्रश्न कलकत्त्याला परतला. भारतीय सांख्यिकी संस्थेतील दिब्येंदू चक्रवर्ती, सुभमय मैत्र आणि बिमल रॉय यांनी छेदक रचनेतील काही गट एकत्र करून एक सेन्सर बनवण्याची पद्धत मांडली. उदाहरणादाखल एक हिशेब पाहता येईल. १०१ या मूळसंख्येवर सात-सात किल्ल्यांचे १०,२०१ गट होतात. दोन गटांत सामाईक किल्ली असण्याची शक्यता जेमतेम सात टक्के. चार-चार गट एकत्र करून २,५५० सेन्सर बनवले, की प्रत्येकाकडे फार तर २८ किल्ल्या होतात आणि दोन सेन्सरांचा थेट दुवा जुळण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास जाते. नियमबद्ध रचनेत थोडा योगायोग मिसळल्याने दोन्हींचे गुण हाती आले.

२००७ मध्ये त्याच संस्थेतील सुश्मिता रूज आणि बिमल रॉय यांनी थेट बोस-नायर यांच्या १९३९ च्या कल्पनेला हात घातला. अंशतः संतुलित रचनांपैकी ‘त्रिकोणी’ नावाचा प्रकार समजायला सोपा आहे. ४६ चिन्हे घ्यावीत. त्यांतून दोन-दोनच्या १,०३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी हे एका सेन्सरचे नाव, आणि प्रत्येक जोडी हेच एका किल्लीचेही नाव. ज्या किल्लीच्या नावात सेन्सरच्या नावातील नेमके एक चिन्ह येते, ती किल्ली त्याच्याकडे. अशा प्रत्येकी ८८ किल्ल्या होतात. मग दोन सेन्सरांच्या नावांत एक चिन्ह सामाईक असेल तर त्यांच्यात ४४ किल्ल्या सामाईक, आणि एकही चिन्ह सामाईक नसेल तरी चार. ‘कख’ आणि ‘गघ’ या दोघांकडे कग, कघ, खग आणि खघ या चारही किल्ल्या असतात. कागदावर पडताळून पाहायला दोन मिनिटे लागतात.

सामाईक असलेल्या सर्व किल्ल्या एकत्र गुंफून दुव्याची किल्ली बनवायची असे ठरवले, तर एक सुंदर गोष्ट घडते. शत्रूच्या हाती तिसरा कोणताही एक सेन्सर लागला, तरी त्याच्या एकट्याच्या साठ्यात त्या चारही किल्ल्या असू शकत नाहीत. चारही ज्यांच्याकडे आहेत असे दोनच सेन्सर त्या मांडणीत असतात, आणि ते म्हणजे स्वतः बोलणारे दोघे. म्हणजे एक सेन्सर गमावल्याने एकही दुवा तुटत नाही. दोन गमावले तर काही दुवे उघडे पडतात. या सुरक्षेची किंमत ३२ च्या जागी ८८ किल्ल्यांची साठवण, म्हणजे सुमारे १,४०० बाइट. मात्र ओळख पटवण्यासाठी हवेत सोडायचा मजकूर तेवढाच : आपले नाव.

अडुसष्ट वर्षांच्या अंतराने एकाच संस्थेत घडलेल्या या दोन घटनांत प्रश्नाचा सांगाडा तोच होता. बोस आणि नायर यांना वाफे अपुरे होते, रूज आणि रॉय यांना स्मृती आणि ऊर्जा. दोन्हीकडे विचारले जात होते, की थोडक्या साधनांत प्रत्येक जोडीला न्याय कसा मिळेल. बोस यांच्यापुढे बिनतारी सेन्सर नव्हते; असण्याचे कारणही नव्हते. पण प्रश्न नेमका मांडला आणि उत्तर पुरते शोधले, तर ते उत्तर ज्या शेतासाठी शोधले त्याच्या बांधाबाहेरही उगवते.

काळ पुढे गेला

या कथेला विजयगाथा मानणे योग्य होणार नाही. २००४ च्या ज्या मोजमापात आरएसएला ११ सेकंद लागले, त्याच मोजमापात लंबवर्तुळीय वक्रांवर आधारलेल्या सार्वजनिक किल्लीच्या मुख्य क्रियेला फक्त ०.८१ सेकंद लागले होते. ही पद्धत निल कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे सुचवली होती. पुढील दशकात चिप सुधारल्या, कूटलेखनासाठी वेगळी मंडले आली आणि सेन्सरांनाही सार्वजनिक किल्ली परवडू लागली. किल्ल्या आधी भरून देण्याच्या शेकडो प्रस्तावांपैकी बहुतेक कागदावरच राहिले. हरवलेल्या सेन्सरच्या किल्ल्या रद्द कशा करायच्या, नव्या कशा पोचवायच्या, या कामांना लागणारे संदेश मोजले, की त्यांतील अनेकांची काटकसर उरत नसे.

कूटलेखनाचे काम मात्र हलके होत गेले. अमेरिकेच्या मानक संस्थेने छोट्या उपकरणांसाठी घेतलेल्या स्पर्धेत फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अ‍ॅस्कॉन’ची निवड झाली. अंतिम फेरीतील दहा रचनांपैकी ‘गिफ्ट-कॉफबी’ आणि ‘फोटॉन-बीटल’ या दोहोंच्या रचनाकारांत भारतीय सांख्यिकी संस्थेचे मृदुल नंदी होते. पण कुलूप कितीही हलके केले, तरी किल्ली कशी पोचवायची हा प्रश्न वेगळाच राहतो.

आणि तो पुन्हा दार ठोठावत आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक लंबवर्तुळीय वक्रांची सुरक्षा मोडू शकेल, हे पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीपासून ठाऊक आहे. त्याला पुरून उरावी म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या मानकात सर्वांत लहान सार्वजनिक किल्ली ८०० बाइटांची आहे आणि तिचे उत्तर ७६८ बाइटांचे. वक्रांच्या पद्धतीत हे काम ३२-३२ बाइटांत भागत असे. १२७ बाइटांच्या संदेशांत या दोन्ही गोष्टी पाठवायच्या तर प्रत्येकी निदान सात तुकडे करावे लागतात. चिप कितीही वेगवान झाली, तरी हवेत सोडलेल्या बाइटाची किंमत तेवढी घटलेली नाही. सामाईक गुप्त किल्लीची पद्धत मात्र क्वांटम संगणकापुढे पुरेशा लांबीची किल्ली घेतल्यास टिकून राहते. त्यामुळे लहान उपकरणांसाठी आधी भरून दिलेल्या किल्ल्यांचा पर्याय पुन्हा विचारात घेण्याजोगा ठरतो.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. तीत क्वांटम संगणकाबरोबर सुरक्षित दळणवळणाचाही समावेश आहे. त्या चर्चेत उपग्रह आणि प्रकाशतंतू अग्रभागी असणे स्वाभाविक आहे. परंतु पावसात भिजत डोंगरावर उभा असलेला, दोन सेलांवर वर्षभर जागता पहारा देणारा सेन्सरही त्याच चर्चेचा भाग असायला हवा. खालच्या वस्तीतील माणसांचा जीव त्याच्या एका संदेशावर अवलंबून असतो, आणि तो संदेश त्याचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याच्याकडे फार थोडी शक्ती असते. त्या थोडक्या शक्तीत काय काय साधता येते, हे कलकत्त्यातील काही माणसांनी गव्हाच्या वाफ्यांवरून शोधून ठेवले आहे.